गव्हाळ चेहरे विटकरी का झाले? स्टुडिओतला कॉम्प्युटर बदलल्यावर बिघडलेल्या रंगांचा तपास

कराडहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुकान बंद करून घरी गेल्यावरही विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. "अगं, सगळ्यांचे चेहरे विटेसारखे लाल यायला लागलेत. प्रिंटर तोच, शाई तीच, कागद तोच. नुसता कॉम्प्युटर बदललाय. काय कळंना बघ." सोबत व्हॉट्सॲपवर एका प्रिंटचा मोबाइलने काढलेला फोटो होता. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं, कारण मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच शोधतो आणि चित्र परस्पर सावरून घेतो. मी पुण्यात प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइल्स आणि रंग तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे रंगाची तक्रार प्रत्यक्ष कागद हातात घेतल्याशिवाय ऐकायची नाही, ही सवय अंगात मुरलेली आहे. "मामा, खराब प्रिंट फेकू नका. आणि त्याच फोटोंचे जुने, चांगले आलेले प्रिंट असतील तर तेही काढून ठेवा," एवढं सांगितलं आणि शनिवारी सकाळची एसटी पकडली.

मामांचा स्टुडिओ तीस वर्षांचा आहे. लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज, आणि अलीकडे जुन्या फोटोंची दुरुस्ती. मोठे अल्बम ते बाहेरच्या लॅबमधून करून आणतात, पण चार बाय सहापासून ए-फोरपर्यंतचं सगळं दुकानातच छापतात. प्रिंटर सहा शायांचा, टाकीवाला: काळा, निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि फिका सायन, फिका मॅजेंटा. दोन वर्षांपूर्वी मीच पुण्यातल्या एका जाणकाराकडून त्यांच्या नेहमीच्या ग्लॉसी कागदासाठी आयसीसी प्रोफाइल, म्हणजे प्रिंटरचे रंग नेमके यावेत यासाठीची फाइल, बनवून घेतलं होतं. तेव्हापासून रंगांची कटकट उरली नव्हती.

कॉम्प्युटर बदलायचं कारण साधं होतं. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुकानातल्या जुन्या सीपीयूचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नव्हता. मामेभावाला व्हिडिओ एडिटिंगही करायचं होतं, म्हणून त्याने मॅकबुक एअर घेतलं. यूएसबीची वायर जोडली, मॅकने प्रिंटर लगेच ओळखला, सीडी नाही की ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषा प्रोग्रॅम) शोधणं नाही. प्रोफाइलची फाइल पेन ड्राइव्हवरून आणून मॅकच्या लायब्ररीतल्या कलरसिंकच्या (मॅकची रंग सांभाळणारी यंत्रणा) प्रोफाइल्स फोल्डरमध्ये टाकली. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं, खाली तेच प्रोफाइल निवडलं. जे विंडोजवर करत होते तेच अगदी मन लावून केलं होतं. आणि तरी रंग बिघडले होते.

टेबलावर मांडलेले प्रिंट

मामांनी आठ-दहा प्रिंट काउंटरवर पसरून ठेवले होते. एकाच हळदीच्या फोटोचा मार्चमधला प्रिंट आणि या आठवड्यातला प्रिंट मी शेजारी ठेवले. मार्चच्या प्रिंटमध्ये नवरीचा रंग गव्हाळ, गालावर ओल्या हळदीची चमक, आणि मागे उभ्या असलेल्या आजींचं पांढरं नऊवारी खरोखर पांढरं. नव्या प्रिंटमध्ये चेहरा विटकरी, हळद केशरी, आणि आजींच्या लुगड्याच्या चुण्यांमध्ये गुलाबी सावली. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही चुणी. चेहऱ्याचा रंग प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो, त्यावर वाद होऊ शकतो. पांढऱ्या कापडावरची सावली मात्र राखाडीच असायला हवी. ती गुलाबी झाली याचा अर्थ बिघाड आवडीनिवडीचा नव्हता, राखाडीचा तोल ढळला होता.

मामांनी आपल्या परीने उपाय करून पाहिले होते. प्रत्येक फोटोत मॅजेंटा कमी केला होता. त्यामुळे चेहरा जरा बरा आला, पण हळद हिरवट पडली आणि हिरव्या चुड्याचा रंग शेवाळासारखा झाला. पुढच्या फोटोला वेगळाच आकडा लागला. अशी दुरुस्ती एका फोटोला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा समजावं की चूक फोटोत नाही. ती पुढे कुठेतरी आहे आणि प्रत्येक रंगाला वेगवेगळ्या मापाने ओढते आहे. मी मामांना सांगितलं, आता स्लायडरला हात लावायचा नाही. आज एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने काय बदललं ते लिहायचं.

आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तुंबली आहेत का हे दाखवणारा प्रिंट, काढला. सहाही रंगांच्या रेघा सलग आल्या, एकही तुटली नव्हती. फिका मॅजेंटा किंवा फिका सायन तुंबला असता तरी चेहऱ्यांचे रंग असेच बिघडले असते, म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी कधीच टाळू नये.

मग एक चाचणी फाइल बनवली. वर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या एकवीस पायऱ्या, प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे. खाली तो हळदीचा फोटो, एक मोरपंखी पैठणी आणि पासपोर्टचा एक साधा चेहरा. सगळं एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापात आणि प्रोफाइल फाइलमध्येच जोडलेलं. यापुढचा प्रत्येक प्रिंट याच फाइलचा.

जुना सीपीयू साक्षीला

सुदैवाने जुना सीपीयू अजून माळ्यावर होता, भंगारात गेला नव्हता. तो खाली काढला, धूळ झटकली, प्रिंटरची वायर त्याला लावली आणि चाचणी फाइल पूर्वीच्याच सेटिंगने छापली. राखाडी पायऱ्या स्वच्छ राखाडी. चेहरा गव्हाळ. मामा प्रिंट हातात घेऊन दारापाशी उजेडात गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. "म्हणजे मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. गेले तीन आठवडे त्यांना वाटत होतं की प्रिंटर संपला.

या एका प्रिंटने प्रिंटर, शाई, कागद आणि प्रोफाइलची फाइल, चौघांची एकदम सुटका केली. उरलं ते फक्त मॅकच्या बाजूचं. जुनं मशीन नवं बसल्या दिवशीच विकून टाकू नये, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच. महिनाभर ते तुलनेला हाताशी असावं.

मग त्याच फाइलचे मॅकवरून दोन प्रिंट काढले. पहिला नेहमीचा, फोटोशॉपने रंग सांभाळलेला: राखाडी गुलाबी, चेहरा विटकरी. दुसऱ्यात 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' निवडलं, म्हणजे प्रोफाइल बाजूला ठेवलं. हा प्रिंट पहिल्यापेक्षा खूपच बरा निघाला. पैठणी जरा मळकी होती, पण राखाडी जवळजवळ राखाडी. जे प्रोफाइल विंडोजवर रंग सुधारत होतं तेच मॅकवर बिघडवत होतं.

प्रोफाइल नेमकं कशाचं असतं

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक दुकानांत गोंधळ होतो तो याच जागी.

आयसीसी म्हणजे १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून स्थापन केलेली संस्था. एका यंत्राचा रंग दुसऱ्या यंत्राला कळावा यासाठी तिने प्रोफाइलचा सामायिक साचा ठरवला. फोटोतल्या आकड्यांना एकट्याने काही अर्थ नसतो. बाजारात कुणी "पाच द्या" म्हटलं तर आपण विचारतो, पाच काय, किलो की पायली? तसंच लाल २०० म्हणजे कुठल्या मापातले २००, हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हे एक माप, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेलं. अडोबी आरजीबी हे १९९८चं दुसरं, त्यापेक्षा मोठं माप, विशेषतः हिरव्या-निळ्याकडे.

प्रिंटरचं प्रोफाइल बनवताना शेकडो रंगीत चौकोनांचा एक तक्ता कुठलीही रंगदुरुस्ती न करता छापतात, शाई नीट वाळू देतात आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येक चौकोन मोजतात. 'हा आकडा पाठवला तर कागदावर हा रंग उमटतो' याचं ते कोष्टक. म्हणजे प्रोफाइल नुसत्या प्रिंटरचं नसतं. ते त्या ड्रायव्हरचं, ड्रायव्हरमध्ये निवडलेल्या कागदाच्या प्रकाराचं, त्या दर्जाच्या सेटिंगचं, त्या शाईचं आणि त्या कागदाचं, या सगळ्या वाटेचं मिळून असतं. यातली एक कडी बदलली की कोष्टक दुसऱ्याच कुणाचं होतं. मामांनी फाइल बरोबर आणली होती. वाट बरोबर आली होती का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

कच्चा तक्ता

वाट तपासायची एक पद्धत मला फार आवडते, कारण तिला मोजणारं यंत्र लागत नाही. प्रोफाइल बनवायला जो तक्ता छापला होता तोच दोन्ही कॉम्प्युटरवरून, एकाच दिवशी, एकाच पाकिटातल्या कागदावर, रंगदुरुस्ती पूर्ण बंद ठेवून छापायचा. दोन्ही तक्ते सारखे आले तर जुनं प्रोफाइल नव्या मशीनवर चालेल. वेगळे आले तर कितीही सेटिंग बदला, चालणार नाही.

फोटोशॉपमधला 'रंग व्यवस्थापन नाही' हा पर्याय २०१०च्या सीएस-फाइव्हपासून काढून टाकलेला आहे. म्हणून विंडोजवर हा तक्ता अडोबीच्याच छोट्या कलर प्रिंटर युटिलिटीतून छापला, ती प्रोफाइल बनवतानाच तिथे बसवलेली होती. मॅकवर त्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. युटिलिटीज फोल्डरमध्ये कलरसिंक युटिलिटी असते, तिच्यात तक्ता उघडून प्रिंटच्या खिडकीत 'प्रिंट ॲज कलर टार्गेट' निवडायचं.

दोन्ही तक्ते अर्धा तास पंख्यापासून लांब वाळत ठेवले. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि त्यांनीच पहिल्यांदा बोट ठेवलं. "हा वरचा कागद छान आलाय की. हा खालचा हिरवट दिसतोय."

वरचा मॅकचा होता. खालचा विंडोजचा.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. दुरुस्ती न केलेला तक्ता देखणा येतच नाही. विंडोजच्या तक्त्यात राखाडी चौकोन हिरवटाकडे झुकलेले होते. त्या ड्रायव्हरमधून, त्या कागदावर, या प्रिंटरचा मूळ कल तोच आहे. प्रोफाइलला तो कल माहीत असतो, म्हणून ते प्रत्येक फोटो थोडा मॅजेंटाकडे ओढून पाठवतं आणि कागदावर तोल साधतो. मॅकच्या तक्त्यात मात्र राखाडी आधीच राखाडी होती. म्हणजे रंगदुरुस्ती बंद करूनही तिथे कुणीतरी रंग दुरुस्त करत होतं. आता त्याच्यावर आपलं प्रोफाइल पुन्हा मॅजेंटाकडे ओढणार, आणि समोर भरून काढायला हिरवटपणा नाही. पांढऱ्या लुगड्यावरची गुलाबी सावली इथून आली होती. एकाच भाजीत दोघांनी मीठ घालावं, तसं झालं होतं.

मी दोन्ही तक्ते कात्रीने कापून पट्ट्या एकमेकींना चिकटवून मामेभावाला दाखवल्या. राखाडीच्या ओळीतला फरक चार हातांवरूनही दिसत होता.

दुसरा हात कुणाचा

सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रिंटरच्या नावावर गेलो. तिथे 'काइंड' म्हणून एक ओळ असते. प्रिंटरच्या मॉडेलपुढे लिहिलेलं होतं: एअरप्रिंट.

एअरप्रिंट ही ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापायची सोय आहे. २०१०मध्ये ती आधी आयफोन-आयपॅडसाठी आली, पुढच्या वर्षी मॅकवरही. पत्र, तिकीट, शाळेचा प्रोजेक्ट यासाठी ती उत्तमच आहे: वायर लावा आणि छापा. पण तिच्या वाटेने गेलेली माहिती प्रिंटर एसआरजीबीसारख्या ठरलेल्या मापातली धरतो आणि आपल्या पोटातल्या कोष्टकाने तिचे रंग लावतो. त्या कोष्टकाला 'तू गप्प बस' असं सांगायचं बटणच या वाटेवर नसतं. फोटोशॉपने आधीच कागदासाठी तयार करून दिलेले आकडे प्रिंटर पुन्हा साधा फोटो समजून शिजवत होता.

एक खूण आधीपासूनच समोर होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. कागदाच्या प्रकारांची यादी. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये चार-पाच तऱ्हेचे फोटो पेपर नावानिशी होते. त्यातला एक ठरावीक प्रकार निवडून आमचं प्रोफाइल बनलं होतं. मॅकच्या यादीत नुसतं मोघम 'फोटो पेपर' आणि 'ग्लॉसी' होतं. मामेभावाला वाटलं, मॅकमध्ये सगळं सोपं केलेलं असतं. पण कागदाचा प्रकार म्हणजे कागदाचं नाव नव्हे. कुठल्या रंगाची किती शाई सोडायची, फिक्या शाया कुठे वापरायच्या, हे त्या निवडीवर ठरतं. ओळखीची नावं यादीत नसतील तर ड्रायव्हर बदलला आहे, असं धरूनच चालावं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. प्रिंटर यादीतून काढला. आधीचे अर्धवट अवशेष नकोत म्हणून यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं आणि 'रीसेट प्रिंटिंग सिस्टिम' केलं. यात सगळेच प्रिंटर यादीतून जातात, त्यामुळे बिलांचा लेझर प्रिंटर नंतर परत जोडावा लागला. मग प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा, त्या मॅकओएस आवृत्तीचा ड्रायव्हर उतरवून बसवला. प्रिंटर पुन्हा जोडताना खाली 'यूज' नावाची एक चौकट असते. मॅक तिथे आपण होऊन एअरप्रिंट निवडून ठेवतो. ती उघडून यादीतून कंपनीचा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. मामेभावाने नुसतं 'ॲड' दाबलं असतं तर ड्रायव्हर बसवूनही आम्ही होतो तिथेच राहिलो असतो.

आता कागदांची ओळखीची यादी परत आली. तक्ता पुन्हा छापला, कच्चा. या वेळी तो हिरवट आला, आणि मामींना सोडून सगळ्यांना आनंद झाला. विंडोजच्या तक्त्याची पट्टी त्याच्यावर ठेवली. राखाडी, चेहऱ्याचे रंग, गडद निळे, सगळे चौकोन डोळ्यांना तरी एकच. एकाच कंपनीचा ड्रायव्हर दोन्हीकडे शाई सारखीच वाटत होता, म्हणून प्रोफाइल नव्याने बनवायचा खर्च वाचला. हे प्रत्येक प्रिंटरवर होईलच असं नाही, आणि लिनक्सवर दुसऱ्याच कुणी लिहिलेला ड्रायव्हर घेतला तर जुनं प्रोफाइल चालेल ही आशाच धरू नये. तिथे नवा तक्ता छापून नवं प्रोफाइलच लागतं.

मग चाचणी फाइल. फोटोशॉपमध्ये रंग फोटोशॉपने सांभाळायचे, प्रोफाइल आपलं, आणि प्रिंट सेटिंग्जमध्ये ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद. गुलाबी सावली गेली. मामांनी मार्चचा प्रिंट आणि हा प्रिंट उलटे करून माझ्यापुढे धरले, कुठला कुठला ते ओळख म्हणाले. मी हळदीवरून ओळखला.

हळद

हळदीत फरक राहिला होता, आणि तो मला सोडवेना. मार्चच्या प्रिंटमध्ये गालावरच्या हळदीचे ओघळ, बोटांचे ठसे दिसत होते. नव्या प्रिंटमध्ये रंग बरोबर होता, पण सगळ्यात झळझळीत भाग एकसारखा सपाट पिवळा झाला होता.

शाई आणि कागदाला जेवढे रंग येतात त्यापेक्षा फोटोत जास्त असतात. उन्हातली ओली हळद आणि मोरपंखी पैठणी ही त्याची आपल्याकडची रोजची उदाहरणं. जे रंग कागदाच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांचं काय करायचं, हे 'रेंडरिंग इंटेंट' ठरवतो. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आवाक्यातल्या रंगांना हात लावत नाही आणि बाहेरच्यांना कुंपणापाशी आणून उभं करतो, त्यामुळे बाहेरचे पाच वेगळे पिवळे एकाच जागी येऊन चिकटतात. 'पर्सेप्च्युअल' सगळ्यांनाच थोडं थोडं आत सरकवतो, म्हणजे प्रत्येकातलं अंतर टिकतं, झळाळी किंचित उतरते. विंडोजवर मामांनी कधीकाळी पर्सेप्च्युअल निवडलेला होता. मॅकवरच्या नव्या फोटोशॉपमध्ये रिलेटिव्ह निवडलेला होता, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे गडद भागांतले तपशील जपणारी सोय.

कुठला चांगला, याचं एक उत्तर नाही. पासपोर्ट आणि साध्या चेहऱ्यांना मी रिलेटिव्हच ठेवते, रंग जास्त नेमका येतो. हळद, शालू, रोषणाई असेल तर पर्सेप्च्युअल. आम्ही हळदीचा फोटो दोन्ही तऱ्हेने छापला आणि पर्सेप्च्युअलमध्ये बोटांचे ठसे परत आले.

पडदा आणि तीन अल्बम

दुपारी जेवण झाल्यावर मामांनी दुसरी तक्रार काढली: स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो आणि प्रिंट अंधारा येतो. ही तक्रार प्रिंटरची नव्हती. जुना मॉनिटर मंद ठेवलेला होता. मॅकबुकचा पडदा पूर्ण उजेडावर होता, आणि तो एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा आहे. शिवाय ट्रू टोन चालू होतं. ट्रू टोन खोलीतला उजेड पाहून पडद्याचा पांढरा रंग बदलत राहतं. वाचायला ते सुखाचं, पण ज्या मापानं मोजायचं तेच हलत असेल तर रंग जुळवायचे कसे? ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप कमी-जास्त होणारा उजेड, तिन्ही बंद केले. मग फोटोशॉपमध्ये कोरं पांढरं पान उघडलं, शेजारी दुकानाच्या उजेडात कोरा फोटो पेपर धरला आणि दोघांचा पांढरा सारखा उजळ दिसेपर्यंत पडदा खाली आणला. अर्ध्याच्याही खाली गेला. मामेभाऊ म्हणाला, "ताई, एवढ्या अंधारात काम करायचं?" दहा मिनिटांत डोळे सरावले. छपाईच्या कामाला पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला साधारण १०० ते १२० कॅन्डेलाच्या (उजेडाचं एकक) आसपास ठेवतात, हा मॅकबुक त्याच्या तिप्पट-चौपट उजळतो.

तीन जुन्या अल्बमच्या फाइल्स मात्र अजूनही फिक्या येत होत्या. लाल नाहीत, नुसत्या निस्तेज. त्यांच्यात प्रोफाइल जोडलेलंच नव्हतं. जुन्या फोटोशॉपमध्ये मामांची कामाची रंगजागा, म्हणजे फोटोशॉपने गृहीत धरायचं माप, अडोबी आरजीबी होती, म्हणून बिनप्रोफाइलच्या फाइल्स तिथे अडोबी आरजीबी समजूनच उघडत. नव्यात एसआरजीबी होती, त्यामुळे मोठ्या मापातले आकडे छोट्या मापाने वाचले जात होते. मामेभावाने त्यांतल्या काही फाइल्सवर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करून सेव्ह केलं होतं, त्यामुळे फिकेपणा कायमचा पक्का झाला. इथे 'असाइन प्रोफाइल' हवं होतं. असाइन म्हणजे आकडे तसेच ठेवून 'हे पायलीतले आहेत' अशी चिठ्ठी लावणं. कन्व्हर्ट म्हणजे पायलीचे किलो करणं. आधीचं माप चुकीचं धरलं असेल तर हिशेबही चुकीचाच होतो. मूळ फाइल्स जुन्या सीपीयूच्या डिस्कवर सापडल्या. त्यांना अडोबी आरजीबी असाइन केलं आणि रंग जागेवर आले.

संध्याकाळपर्यंत चार बाय सहाचे बावीस कागद लागले होते. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीची नोंद होती, ते सगळे मी एका पाकिटात घालून प्रिंटरखालच्या कप्प्यात ठेवले. मामेभावाने फोटोशॉपमधल्या आणि प्रिंटरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढले, आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार, दर्जा आणि रंगदुरुस्ती बंद अशी जोडी एका नावाने प्रीसेट म्हणून जपून ठेवली. मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की आधी 'काइंड'ची ओळ पाहायची आणि कच्चा तक्ता छापायचा, असं त्याला सांगितलं. तुलनेसाठी हिरवट तक्त्याची एक पट्टी अंधाऱ्या पाकिटात वेगळी ठेवली, कारण उजेडात या शाया उडतात.

निघताना मामा हळदीच्या फोटोचा ए-फोर प्रिंट कापत होते. त्या लग्नातल्या लोकांना त्यांनी तीन आठवडे थांबवून ठेवलं होतं, लाल चेहऱ्यांचे प्रिंट दिले नव्हते. जुना सीपीयू परत माळ्यावर टाकायला मामेभाऊ शिडी आणत होता. मामा म्हणाले, "राहू दे खालीच, टेबलाखाली. दिवाळीपर्यंत लागेल."